काळी खपली आणि ताप

पावसाळा सरून भात व गवत कापणी सुरू झाली की अंगावर किडामुंगीचे चावे दिसू लागतात. बहुतेक चाव्यांनी गांधी उठतात, खाज सुटते आणि दोनचार दिवसांत सारे निवळते. मात्र धाप लागली किंवा ओठ, जीभ सुजली तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

आज आम्ही एक वेगळी खूण सांगत आहोत. गवतझुडपांतील माइट नावाच्या किड्याची अळी डोळ्यांना जेमतेम दिसते. ती चावली तरी कळत नाही. पुढे तेथे विडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. भोवती लाल कडे असते. ती सहसा दुखत नाही, खाजतही नाही. चाव्यानंतर ६ ते २१ दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. हा स्क्रब टायफस.

खपली दुखत नसल्याने रोगी ती दाखवत नाही. म्हणून ताप आलेल्याची काख, जांघ, कंबर, कानामागची जागा आणि स्त्रियांच्या स्तनांखालची जागा घरच्यांनी पाहावी. खपली सापडली नाही म्हणजे आजार नाही, असे मात्र समजू नये. शेतात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या रोगावर पेनिसिलिन चालत नाही. डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळाल्यास ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदूला धोका पोहोचतो.

कापणीला पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, गवतावर उघड्या अंगाने लोळू नये व घरी येताच साबणाने आंघोळ करून कपडे धुवावेत.