आर्मेचर मिळतं का?

डाव्या अंगठ्याच्या मुळाशी मला पाच टाके पडले. ज्या ग्रायंडरमुळे पडले त्याची पावती 1,149 रुपयांची आहे. टाक्यांचं बिल त्याच्या दुपटीहून जास्त झालं. दोन्ही कागद मी एकाच फाइलीत लावलेत.

आमचं घर सांगलीत, नदीच्या अंगाला. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी तळमजल्यात शिरलं, तेव्हा सासऱ्यांच्या वेळचा सागवानी पलंग कितीतरी दिवस पाण्यात होता. सागवानच ते, कुजलं नाही. फळ्या सुट्या करून गच्चीवर वाळवल्या आणि जिन्याखाली रचून ठेवल्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्याचं पुस्तकांचं कपाट करायचं मनात आलं. सुतार दोनदा माप घेऊन गेला, तिसऱ्यांदा फोन उचलेना. मग म्हटलं, तीस वर्षं गणित शिकवलंय, मापं तर आपल्यालाही घेता येतात. राहता राहिली हत्यारं.

फोनवर खरेदीच्या ॲपमध्ये एकदा ‘ड्रिल मशीन’ असं टाइप केलं आणि पुढचे पंधरा दिवस फोन मला दुसरं काही दाखवेना. त्यात एक बॅटरीवरचं ड्रिल भरलं मनात. 48 व्होल्ट, दोन बॅटऱ्या, 24 बिट, वर प्लॅस्टिकची पेटी. छापील किंमत 7,999 वर काट मारलेली आणि खाली 1,799. छापील किंमत छापणाऱ्याच्याच हातात असते, ती किती फुगवायची हे तोच ठरवतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण काट मारलेला आकडा बघितला की हात पुढे जातोच.

ड्रिल आलं. बिजागऱ्या त्यानं बसल्या, खोटं कशाला बोलू. आठ-दहा स्क्रू झाले की मात्र बॅटरी मान टाकायची. एके दिवशी मी ती उघडली. आत बोटाच्या जाडीचे पाच सेल, एकाला एक जोडलेले. लिथियमचा एक सेल साधारण 3.6 व्होल्टचा, पूर्ण भरला की 4.2. पाच गुणिले 3.6 म्हणजे 18, आणि भरल्यावर 21. माझ्या शाळेतल्या पाचवीच्या पोरालाही 48 काढता येणार नाहीत. भिंग घेऊन लेबल वाचलं. ते ‘48 व्ही’ नव्हतंच, ‘48 व्हीएफ’ होतं, एफ मुंगीएवढा. व्हीएफ नावाचं एकक कुठल्याच पुस्तकात नाही. व्होल्ट मोजता येतात, व्हीएफ मोजता येत नाहीत, म्हणून ते 88 लिहा, 128 लिहा, विचारणारं कोण? नावाजलेल्या कंपन्यांतही कुणी 18 लिहितं, कुणी 20 किंवा 21, ते एकच. तीन सेलचं यंत्र कुणी 10.8 म्हणतं, कुणी 12, तेही एकच. बॅटरीत खरा माल किती, हे बघायला व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणावं. माझ्या बॅटरीचं 18 गुणिले 1.5, म्हणजे 27 वॅट-तास. चांगल्या ड्रिलची 4 अँपिअर-तासांची बॅटरी 72 भरते. आणि या मापाच्या एकाच सेलवर 9,900 मिलिअँपिअर-तास असं छापलेलं दिसलं तर तो सेल उचलूसुद्धा नका; चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. त्या बॅटरीचा चार्जरही साधा मोबाइलसारखा, बॅटरी भरली की आपोआप थांबेल याची खात्री नाही. रात्रभर लावून झोपायची ती वस्तू नव्हे. मी आता ती स्वयंपाकघरात कडाप्प्यावर, डोळ्यांसमोर भरते.

इथे शहाणं व्हायला हवं होतं. मी काय केलं, तर हा किस्सा भाचरांना हसत हसत सांगितला आणि त्याच ॲपवरून ग्रायंडर मागवला.

चार इंची, 850 वॅट, मिनिटाला 11,000 फेरे, आणि लाकूड कापायची 40 दातांची चकती फुकट. तिनंच मला भुलवलं. अभिप्राय मी वाचले होते, अगदी मनापासून. आता पुन्हा वाचते तेव्हा कळतं की निम्म्या लोकांनी माल हातात पडला त्याच दिवशी लिहिलंय. ‘पॅकिंग छान, अजून वापरलं नाही’, आणि पाच तारे! न वापरता पाच तारे म्हणजे पेपर न तपासता पैकीच्या पैकी. खरं काय ते दोन-तीन महिन्यांनी लिहिणारे सांगतात, ते थोडे असतात आणि बहुतेक एका ताऱ्याखाली सापडतात. जळालेल्या बटणाचे, तुटलेल्या गिअरचे फोटो तिथे असतात. मी तिथवर पोचलेच नाही.

हात कापला त्या दुपारी ओढणी काढून ठेवली होती, बांगड्या उतरवल्या होत्या, चष्मा डोळ्यांवर. फळी दोन स्टुलांवर आडवी. चकतीनं सुरुवातीला लोणी कापावं तसं लाकूड कापलं. वीतभर गेली आणि फट मिटली. पुरात भिजून वाळलेलं लाकूड आतून ताणलेलं असतं, कापलं की ते हालतं आणि पात्याला चिमटा बसतो, हे मला नंतर कळलं. चकतीचे दात अडकले, ग्रायंडर माझ्याकडे उसळला, आणि पत्र्याचं जे कव्हर चकतीच्या आणि हाताच्या मध्ये असायला हवं ते आपल्या पट्ट्यातच गर्रकन फिरून पलीकडे गेलं. त्याचा स्क्रू मी घट्ट आवळला होता. पत्राच इतका पातळ की आवळून काही उपयोग नव्हता. यंत्र हातातून सुटलं तरी चालूच. फरशीवर भेलकांडत, खरखरत. बटण दाबायचं म्हटलं तर हात कुठून घालणार? शेजारचा मुलगा आवाज ऐकून आला, त्यानं भिंतीतली पिन उपसली. नंतर बघितलं तर बटण मागेपुढे सरकत होतं, पण आत काही होत नव्हतं.

हिशोब सांगते. 100 मिलिमीटरची चकती मिनिटाला 11,000 वेळा फिरते तेव्हा तिची कड सेकंदाला जवळजवळ 58 मीटर धावते, म्हणजे ताशी 200 किलोमीटरच्या वर. घासून कापणारी दगडाची चकती अडली तर घासते, फुटते. दातांची चकती अडली की पकडते, आणि सगळा वेग हातात परत येतो. नावाजलेल्या कुठल्याही ग्रायंडरची पुस्तिका उघडा, दातांचं लाकडी पातं यावर लावू नका असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. माझ्याबरोबर पुस्तिका नव्हतीच, एक चिनी लिपीतला कागद होता. जे लावू नये तेच खोक्यात फुकट घालून पाठवतात, याचा मला अजूनही राग येतो.

टाके काढल्यावर ते यंत्र पिशवीत घालून मिरजेला गेले. तंतुवाद्यांच्या दुकानांपासून फार लांब नाही, एका बोळात मोटारी वाइंडिंग करणारे चाचा बसतात. त्यांचा नातू माझ्या वर्गात होता.

“बाई, हे कुठून उचललंत?” पिशवीतून काढता काढताच म्हणाले. उघडलं नव्हतं अजून, नुसतं हातावर तोललं होतं. मग तराजूत टाकलं. एक किलो शंभर ग्रॅम. “साडेआठशे वॅट म्हणतंय. आमच्याकडं सहाशे-सातशेचा धड ग्रायंडर दीड किलोच्या वर भरतो. तांबं आणि पोलाद वजनाला हलकं होत नाही.”

मग त्यांनी बटण बाजूला काढून वायर थेट जोडली, क्लॅम्प मीटर लावला आणि यंत्र लाकडाच्या ठोकळ्यावर दाबलं. दोन अँपिअरच्या आसपास आकडा गेला आणि जळका वास सुटला. 230 गुणिले 2 म्हणजे 460. एवढ्यातच तारांवरचं वार्निश शिजायला लागलं तर 850 च्या ओझ्याखाली किती टिकणार? चाचांनी फिल्डची, म्हणजे मोटारीतल्या स्थिर गुंडाळीची, एक तार पात्याच्या टोकानं खरवडली. वरून तांब्याचा रंग, आत पांढरंशुभ्र ॲल्युमिनियम. तेवढीच वीज वाहून न्यायला ॲल्युमिनियमची तार तांब्यापेक्षा बरीच जाड लागते. ही जाड नव्हती, म्हणून तापत होती. बटणाच्या आतलं प्लॅस्टिकचं टोक त्याच उष्णतेनं मऊ होऊन वाकलं होतं. केबल जिथे आत शिरते तिथे ती धरून ठेवणारी पट्टी नाही, नुसती गाठ मारलेली. लेबलवर चौकोनात चौकोन अशी दुहेरी इन्सुलेशनची खूण होती. ती खूण खरी असेल तर दोन पिनांचा प्लग चालतो, अर्थिंग लागत नाही. “चौकोन छापायला काय लागतंय बाई, शाईच की,” चाचा म्हणाले. मी घरी आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर वायरमनला बोलावून, गळती झाली की वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी चालतो का ते त्याचं टेस्टचं बटण दाबून बघायला लावलं. चालत होता, नशीब. तुमच्या घरी तो नसेल तर कुठलंही विजेचं हत्यार घेण्याआधी तो बसवा.

दुरुस्त होईल का, असं मी विचारलं तेव्हा चाचा हसले. “आर्मेचर कुठून आणू? गिअर कुठून आणू? याला गावच नाही.” त्यांच्या मागच्या फळीवर आर्मेचरं, म्हणजे मोटारीतले तार गुंडाळलेले फिरते गाभे, ओळीनं उभी होती, प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली. त्यांत एक ओळ केपीटीची, आपल्या शिरोळच्या, पूर्वीच्या कुलकर्णी पॉवर टूल्सची. शिरोळ काय, हाकेच्या अंतरावर. बाकीच्या दोन-तीन परदेशी कंपन्यांचाही माल त्यांना पेठेतून त्याच दिवशी मिळतो. कार्बन ब्रशचा जोड तर शंभर रुपयांच्या आत.

तेव्हापासून मला कुणी विचारलं, अमुक ड्रिल घेऊ का, तर मी किंमत विचारत नाही. मी म्हणते, आधी आपल्या गावातल्या वाइंडिंगवाल्याकडे जा आणि एवढंच विचारा: याचं आर्मेचर मिळतं का? तो हो म्हणाला तर ऑनलाइन घ्या नाहीतर दुकानात, फरक पडत नाही. खरा चार इंची ग्रायंडर अडीच-तीन हजारांच्या आसपास मिळतो. आणि वर्षातून एकदाच भिंतीला भोकं पाडायची असतील तर विकत घेऊच नका, हार्डवेअरवाल्याला विचारा, बऱ्याच ठिकाणी यंत्र दिवसाच्या भाड्यानं मिळतं. आरसीसीच्या बीमला तर साधं ड्रिल पुरतच नाही, तिथे रोटरी हॅमरच लागतो; स्वस्त ड्रिल तिथे दाबून दाबून जळतात आणि लोक भिंतीला दोष देतात. स्वस्तात घ्यायचंच असेल तर शिकंजे घ्या, गुण्या घ्या, पेटी घ्या, ज्यात काही फिरत नाही ते घ्या. माझी ती ड्रिलची पेटी उत्तम आहे, तिच्यात मी सुया-दोरे ठेवते.

पैशांचं म्हणाल तर परत मिळाले, पण सहज नाही. परतीची मुदत दहा दिवसांची होती आणि खोकं मी दिवाळीच्या गडबडीत बाराव्या दिवशी उघडलं होतं. माल आला की त्याच दिवशी उघडा, उघडतानाचा व्हिडिओ करा, आणि लेबल आणि खोकं फेकू नका. खोक्यावर बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ताच नाही, हे माझ्या तक्रारीतलं सगळ्यात वजनदार वाक्य ठरलं. नाव-पत्ता, छापील किंमत आणि आयात मालावर मूळ देश असणं कायद्यानं बंधनकारक आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक ॲपला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, त्यानं 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची. हे नाव ॲपच्या तळाशी बारीक अक्षरात असतं, शोधावं लागतं. गप्पा मारणाऱ्या यंत्राशी वाद घालण्यात मी चार दिवस घालवले ते फुकट गेले. मग त्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली, तेव्हा हालचाल झाली. नसती झाली तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते. विकणारा कुठल्याही राज्यातला असो, तक्रार आपण राहतो तिथे करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. टाक्यांचे पैसे मात्र मी मागितले नाहीत. मागायला हवे होते, असं आता वाटतं.

कपाट झालं. चाचांनी मला एक जुना, त्यांनीच वाइंडिंग केलेला ग्रायंडर दिला, घासायला आणि लोखंड कापायला. लाकडाला हाताची करवत. उरलेल्या फळ्या कापायला पंधरा दिवस लागले आणि खांदा दुखला, बाकी काही नाही.

त्या दिवशी चाचांकडून निघताना मी ती 40 दातांची चकती पिशवीत टाकत होते. चाचांनी ती माझ्या हातातून घेतली, व्हाईसमध्ये आवळली आणि हातोड्याचे दोन घाव घालून मधोमध दुमडली. मग भंगाराच्या डब्यात टाकली.

“उद्या कुणीतरी उचलून परत लावायचा,” म्हणाले, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पंख्याकडे वळले.