जुना संगणक नव्या संगणकात : एम्युलेटर म्हणजे काय?

'फाईल जपून ठेव' असं आपण मुलांना सांगतो. पण ती उघडणारं यंत्रच उरलं नाही तर?

१९८६ साली ब्रिटनमध्ये हेच घडायची सुरुवात झाली. १०८६ च्या 'डोम्सडे बुक' या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीला ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने नवा 'डोम्सडे प्रकल्प' केला. देशाचे ४ किमी बाय ३ किमीचे चौकोन पाडून शाळांना वाटले. मुलांनी आपापल्या गावाचं रोजचं जगणं लिहिलं, फोटो काढले. सगळं लेसर डिस्कवर गेलं. ती वाचायला बीबीसी मास्टर संगणक आणि खास प्लेयर लागायचा. पंधरा-सोळा वर्षांत ही जोडी दुर्मीळ झाली. कातड्यावरचं जुनं पुस्तक मात्र आजही वाचता येतं!

२००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या 'कॅमिलिऑन' प्रकल्पाने एम्युलेटर वापरून ती माहिती नव्या संगणकावर चालवून दाखवली. डिस्कवरची माहिती मात्र आधी उतरवून घ्यावीच लागली. ते काम एम्युलेटर करत नाही.

मग तो करतो काय? प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरला आकड्यांतल्या आज्ञा कळतात, आणि कोणत्या आकड्याचा अर्थ काय, याचा तक्ता ज्याचा त्याचा वेगळा असतो. बीबीसीच्या या संगणकांतला प्रोसेसर ६५०२ घराण्यातला. त्याच्यासाठी १६९ म्हणजे 'पुढचा आकडा अ या डब्यात ठेव'. एम्युलेटर हा नव्या संगणकावरचा साधा प्रोग्रॅमच. तो आपल्या मेमरीत खोटा 'अ' डबा ठेवतो, १६९ दिसला की तक्ता पाहून तेच करतो आणि पुढच्या आज्ञेकडे जातो. पडदा, कीबोर्ड, प्लेयर यांचीही अशीच सोंगं घ्यावी लागतात. खरी डोकेदुखी तिथेच! जुन्या प्रोग्रॅमला काही पत्ताच नसतो.

वर्गात करून बघा. एक डबा आणि चार चिठ्ठ्या घ्या : १६९, ५, १०५, ३. फळ्यावर तक्ता लिहा : १६९ म्हणजे ठेव, १०५ म्हणजे पुढचा आकडा मिळव. (खरा ६५०२ हातचाही मिळवतो, आपण तो शून्य धरू.) एका मुलाला प्रोसेसर करा. डब्यात ८ येतील. आता फक्त तक्ता बदला, १०५ म्हणजे 'वजा कर'. चिठ्ठ्या त्याच, पण डब्यात २! असं का झालं, हे मुलांनाच सांगू द्या.