स्वर जुळले, आता नाद निवड

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मंडळाच्या गणेशोत्सवासाठी गाणं तयार होतंय. भाची लॅपटॉपवर ट्रॅक लावते आहे. मामांचं सारं आयुष्य ध्वनिमुद्रणात गेलं आहे.

भाची : मामा, चाल पक्की आहे, तालही चुकत नाही, ट्रॅक तर भरपूर आहेत. तरी गाणं गिचमिड का वाटतं?

मामा : स्वर निवडलेस, नाद निवडायचा राहिला. तोच षड्ज बासरीवर वेगळा, सनईवर वेगळा. कुठला नाद घ्यायचा, त्याला आकार कसा द्यायचा आणि तो कुठे बसवायचा, हे ठरवणं म्हणजे साउंड डिझाइन.

भाची : ते तर सिनेमातलं काम ना? पावलांचे, दारांचे आवाज?

मामा : गाण्यातही तितकंच. 'यादों की बारात' (1973) मधलं 'चुरा लिया है' ऐक. सुरुवातीलाच ग्लासवर चमचा वाजतो. 'शोले'तल्या (1975) 'महबूबा'साठी राहुलदेव बर्मन यांनी बाटलीत फुंकर मारून आवाज काढला. बाटलीत पाणी वाढवलं की आतली हवा कमी होते आणि सूर चढतो. घरी करून बघ.

भाची : बघतेच! आणि आकार कसा द्यायचा?

मामा : तबल्याची थाप क्षणात उसळते आणि विरते. सनई फुंक आहे तोवर टिकते. सिंथमध्ये हाच चढ-उतार चार टप्प्यांत ठरवता येतो : अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. तुझ्या पॅडचा, म्हणजे मागे लांबवलेल्या सिंथच्या सुरांचा, अटॅक (सुरुवातीचा चढ) शून्यावर आहे, म्हणून तो दरवेळी तबल्याच्या थापेवर आदळतो. 200 मिलिसेकंद करून ऐक.

भाची : अरे, थाप मोकळी झाली! पण खालून अजून बोजड वाटतंय.

मामा : आता जागा वाटून दे. ढोल-ताशा पथक आठव. ढोल खाली घुमतो, ताशा वर कडकडतो, झांजा त्याहून वर. म्हणून एवढ्या गजरातही तिन्ही वेगळे ऐकू येतात. तुझा ढोल, बेस आणि हार्मोनियमचा खर्ज मात्र 100 ते 250 हर्ट्झमध्येच दाटीवाटीने बसलेत. हार्मोनियमचा खालचा भाग इक्वलायझरने कमी कर. तुझ्या आवाजाला 80 हर्ट्झवर हाय-पास फिल्टर लाव, म्हणजे त्याखालचं गाळलं जाईल. पालमला उतरणाऱ्या विमानांची घरघर त्यात शिरली आहे.

भाची : मग सगळ्यावर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, टाकला की भव्य वाटेल?

मामा : रिव्हर्बने आवाज लांब गेल्यासारखा वाटतो. सगळंच लांब गेलं तर जवळ काय उरेल? जागेचा नाद विचारपूर्वक घ्यावा लागतो. अजय-अतुल यांनी 'सैराट'चं (2016) सिंफनी संगीत अमेरिकेत सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केलं. एवढ्या मोठ्या दालनात वाद्यांसोबत त्या जागेची आसही माइकमध्ये येते. आणि त्याच चित्रपटाच्या शेवटी आवाजच काढून घेतलाय.

भाची : शांतता हेही डिझाइनच?

मामा : अर्थात. प्रभातच्या 'कुंकू'त (1937) व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत ठेवलंच नाही, प्रसंगातल्या स्वाभाविक आवाजांवर भिस्त ठेवली.

भाची : म्हणजे तयार प्रीसेट वापरूच नको?

मामा : खुशाल वापर, पण निवड कानाने कर. उद्या फोन घेऊन बाहेर पड. मलाई मंदिराची घंटा, भाजीवाल्याची हाक, जे आवडेल ते टिपून आण आणि त्यातला एक तरी आवाज गाण्यात वाजव. मग एकेक ट्रॅक बंद करून ऐक. जो बंद केल्यावर गाण्याचं काहीच बिघडत नाही, तो काढून टाक.