बायबलचा तास आणि पालकांची संमती

प्रश्न : आमची कन्या ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत शिकते. तेथे आठवड्यातून एकदा बायबलचा तास असतो. आम्ही हिंदू, तिने त्यास बसणे सक्तीचे आहे काय?
– एक पालक, मार्केट यार्ड, पुणे

उत्तर : नाही. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा स्थापून चालविण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने दिला आहे हे खरे, तथापि अनुच्छेद २८(३) अन्वये शासनमान्य अथवा अनुदानित शाळेत अज्ञान विद्यार्थ्यास पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. सबब मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. पुण्याला हा प्रश्न नवा नव्हे : १८९० मध्ये मुंबईहून येथे आलेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या बालविधवांच्या शाळेतील मुली त्यांच्या ख्रिस्ती प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये न्यायमूर्ती म. गो. रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, आणि त्या वादात कित्येक बालविधवांचे शिक्षण खुंटले, ही हानी मला फार मोठी वाटते. म्हणूनच दाखला काढण्याची घाई करू नये. काही ख्रिस्ती शाळांत त्याच तासाला ख्रिस्तेतर मुलांसाठी नीतिशिक्षणाची तजवीज असते. तशी सोय आहे काय, हे अर्जातच विचारावे.