आहारविकारातून बऱ्या झालेल्या रुग्णेचे वजन

अशी रुग्णा चिकित्सालयात येते ती बहुधा एकच मागणी घेऊन : आता वजन आणखी वाढू देऊ नका. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात कृशासाठी लघु, परंतु संतर्पण करणारा आहार सांगितला आहे. मुगाची मऊ खिचडी, तूप, दूध ठराविक वेळी, अग्नी पाहून वाढवावे. प्रारंभी वाढलेले वजन अंशतः शरीरात साठलेल्या पाण्याचे असते. मेदही प्रथम उदरावर दिसतो व पुढे काही महिन्यांत सर्वांगावर विभागला जातो. हे रुग्णेस आधीच सांगितले नाही, तर ती पुन्हा उपवासाकडे वळते.

या काळात लंघन व लेखन द्रव्ये वर्ज्य समजावीत. स्वतः ओकारी काढण्याची सवय जिला होती, तिला वासंतिक वमन देणे म्हणजे जुन्या व्याधीस शास्त्राचे नाव देणे होय. वजनाची नोंद वैद्याने ठेवावी, घरचा काटा दूर करावा. नियमित आर्तव व निद्रा ही माझ्या मते अधिक विश्वसनीय लक्षणे.

औषधालयाच्या चालकांनीही सोनामुखीयुक्त चूर्ण वारंवार नेणाऱ्या कृश तरुणीची आस्थेने चौकशी करावी. सततच्या विरेचनाने पोटॅशियम घटून हृदयाची गती बिघडते. मूर्च्छा वा धडधड असल्यास तिला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे, चूर्ण देऊ नये.