मैदानावरची वाणी

कापसाची वेचणी उरकली, ज्वारी खळ्यावर आली, की वऱ्हाडातील गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात. अमरावतीनजीकच्या भातकुलीसारख्या गावी सामना असला, म्हणजे आसपासच्या खेड्यांतील आबालवृद्ध मैदानाभोवती दाटी करतात. दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू उभे राहतात. त्यांच्या हातापायांची झटापट सर्वांना दिसते. परंतु तिच्याबरोबरच शब्दांचीही एक झटापट चाललेली असते. ‘काहून रे, सरला का दम?’ असे एकजण म्हणतो. दुसरा त्याहून तिखट उत्तर देतो. हातापायांच्या झटापटीला नियम आहेत, हे तुम्ही जाणता. मग शब्दांच्या झटापटीला काही नियम आहेत की नाहीत? आणि असल्यास पंच ते कसे पाळवून घेतो?

मुलांनो, कबड्डी हा मुळातच वाणीचा खेळ आहे. चढाई करणाऱ्याने एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ असा स्पष्ट उच्चार करीत राहिले पाहिजे. उच्चार तुटला, तर पंच त्याला माघारी पाठवतो आणि प्रतिपक्षाला एक गुण देतो. म्हणून या खेळातील पंचाला डोळ्यांइतकेच कानही सावध ठेवावे लागतात. अमरावतीकरांना या खेळाचा विशेष अभिमान वाटावा असे कारण आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीस जी व्यायामशाळा स्थापिली, तिचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या वेळी बर्लिन येथे जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखविले. त्यांत कबड्डीही होती.

आता पंचाचे काम पाहू. मैदानावर उच्चारलेला प्रत्येक शब्द तो अपराध मानीत नाही. ‘पकडून दाखव’ असे कोणी म्हटले, तर तो त्याकडे काणाडोळा करतो. कारण हा शब्द खेळाविषयी आहे, आणि त्याला खेळानेच उत्तर देता येते. परंतु कोणी दुसऱ्याच्या जातीवर, रंगावर, शरीराच्या व्यंगावर किंवा आईबहिणीवर घसरला, की तो शब्द खेळाचा राहत नाही. त्याला कोणत्याही चढाईने उत्तर देता येत नाही. तो माणसाला लागतो. चांगला पंच हा भेद क्षणात ओळखतो.

आरंभी तो बोलणाऱ्याला हळू आवाजात समज देतो. चारचौघांत ओरडल्याने राग शमत नाही, वाढतो. तेवढ्याने भागले नाही, तर तो दोन्ही कर्णधारांना जवळ बोलावतो आणि आपापल्या गड्यांना आवर घालण्यास सांगतो. त्यानेही उपयोग झाला नाही, तर मात्र तो शिक्षेकडे वळतो. कबड्डीत हिरवे पत्रक म्हणजे ताकीद. पिवळे पत्रक म्हणजे दोन मिनिटे मैदानाबाहेर. आणि लाल पत्रक म्हणजे सामन्यातून हकालपट्टी. क्रिकेटमध्ये पूर्वी अशा वर्तनाचा निवाडा बहुधा सामना संपल्यावर होई. २०१७ पासून मात्र क्रिकेटच्या नियमांतच वर्तनाचे चार स्तर घालून दिले आहेत. अपमानकारक भाषा वापरल्यास प्रथम ताकीद मिळते. संघाने पुन्हा तसे केल्यास प्रतिपक्षाला पाच धावा बहाल होतात. धमकी किंवा मारहाण यांवर खेळाडूला मैदानाबाहेर घालविण्याचा अधिकारही पंचांना मिळाला आहे.

तथापि पंचाच्या अधिकाराला एक मर्यादा आहे. जे त्याने पाहिले वा ऐकले, अथवा ज्याची साक्ष त्याच्या सहकारी पंचाने दिली, त्याचाच तो न्याय करू शकतो. आपले कबड्डीपटू जेथे गेले होते, त्याच बर्लिन शहरात ९ जुलै २००६ रोजी फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. फ्रान्सचा कर्णधार झिनेदिन झिदान आणि इटलीचा मार्को मातेराझ्झी यांच्यात बोलाचाली झाली. मातेराझ्झीने झिदानच्या बहिणीविषयी अपशब्द काढले. झिदान मागे वळला आणि त्याने मातेराझ्झीच्या छातीवर डोक्याने धडक मारली. पंच होरासिओ एलिझोंडो यांनी ती धडक स्वतः पाहिली नव्हती. सहकारी पंचाने कळविल्यावर त्यांनी झिदानला लाल पत्रक दाखविले. तो अपशब्द मात्र कोणाही पंचाच्या कानी पडला नव्हता. त्यामुळे मातेराझ्झी मैदानावर राहिला आणि त्याचा संघ जिंकला. पुढे चौकशी होऊन झिदानवर तीन सामन्यांची आणि मातेराझ्झीवर दोन सामन्यांची बंदी आली. परंतु हातचा सामना गेला तो गेलाच. शब्दाचा घाव झिदानला बसला होता, हे खरे. पण त्याने हात उचलला असता तोच अपराधी ठरला. अशा वेळी आपला राग आवरून कर्णधाराकरवी पंचाला कळविणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

येथे तुम्ही विचाराल, की ज्या संघाचा खेळाडू वाईट बोलतो, त्याच्या कर्णधाराचे कर्तव्य काय? त्याचे उत्तर एका मराठी खेळाडूने दिले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये कोईमतूर येथे दुलीप करंडकाचा अंतिम सामना पश्चिम विभाग आणि दक्षिण विभाग यांच्यात झाला. पश्चिम विभागाचा कर्णधार अजिंक्य रहाणे होता. त्याच्या संघातील तरुण यशस्वी जयस्वाल याने त्याच सामन्यात २६५ धावा काढल्या होत्या. शेवटच्या दिवशी क्षेत्ररक्षण करताना तो दक्षिणेच्या फलंदाजाला सारखा टोचून बोलू लागला. पंचांनी समज दिली, कर्णधारानेही समजावले. तरी बोलणे थांबेना, तेव्हा रहाणेने आपल्याच खेळाडूला मैदानाबाहेर जाण्यास सांगितले. काही षटके पश्चिम विभाग दहा गड्यांनिशी खेळला. मग जयस्वाल परत आला. तरीही पश्चिम विभागाने तो सामना २९४ धावांनी जिंकला. त्या शिक्षेने जयस्वालचेही काही बिघडले नाही. २०२३ मध्ये कसोटी क्रिकेटमधील आपल्या पहिल्याच सामन्यात त्याने १७१ धावा केल्या.

पंचाजवळ शिट्टी असते, पत्रके असतात, नियमांचे बळ असते; परंतु प्रत्येक ओठापाशी त्याला उभे राहता येत नाही. तेथे पहारा ज्याचा त्यानेच ठेवला पाहिजे. सामना सुटल्यावर भातकुलीचा गडी आणि शेजारच्या गावचा गडी एकाच बाजाराला जाणार असतात, एकाच एसटीत शेजारी बसणार असतात. गुडघ्याला खरचटलेले चार दिवसांत भरून येते. मनाला लागलेला शब्द मात्र वर्षानुवर्षे आठवतो.

अभ्यास

१. कबड्डीच्या पंचाला कानही सावध का ठेवावे लागतात?
२. पंच कोणत्या शब्दांकडे काणाडोळा करतो व कोणत्या शब्दांकडे करीत नाही? दोहोंतील भेद सांगा.
३. बर्लिनच्या सामन्यात झिदानने काय करावयास हवे होते, असे तुम्हांस वाटते? सकारण लिहा.
४. अजिंक्य रहाणेने आपल्याच खेळाडूला बाहेर पाठविले, हे योग्य होते काय? वर्गात चर्चा करा.
५. वाक्यांत उपयोग करा : काणाडोळा करणे, आवर घालणे, समज देणे, पहारा ठेवणे.