अंधूक दालनातील ऐतिहासिक विमानांचे छायाचित्रण

दिल्लीजवळ पालम येथे भारतीय हवाई दलाचे संग्रहालय आहे. तेथील हँगरमध्ये वापिटी, लायसँडर, हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट, नॅट अशी विमाने जतन करून ठेवलेली आहेत. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोड येथे हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, ती चार वापिटी विमानांनिशी. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखाँ यांनी जो असमान सामना दिला, तो नॅट विमानातून. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. अशी विमाने म्हणजे इतिहासाची अस्सल साधनेच होत.

गोव्यात दाबोळीनजीक १९९८ साली नौदलाचे विमान संग्रहालय सुरू झाले. तेथील सी हॉक, अलिझे, सुपर कॉन्स्टेलेशन आदी विमाने उघड्यावर उभी असल्याने त्यांचे छायाचित्र घेणे फारसे अवघड नाही. बंदिस्त हँगरमध्ये मात्र नवशिक्याची निराशा होते. चित्रे हललेली, पिवळट वा काळी येतात, आणि दूरवरून केलेला प्रवास त्या बाबतीत वाया जातो.

ही केवळ हौसेची बाब नव्हे. गोवा वा बेळगाव भागातील बहुसंख्य विद्यार्थ्यांना दिल्लीस जाणे शक्य नसते. शिक्षकाने आणलेले चित्र हेच त्यांचे दर्शन. बेळगावजवळ सांबरा येथे हवाई दलाच्या जवानांचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि या परिसरात निवृत्त सैनिकही पुष्कळ आहेत. ज्यांनी अशा विमानांची देखभाल केली, त्यांच्यापुढे स्पष्ट चित्र ठेवल्यास कोणता भाग कशासाठी होता हे ते स्वतः सांगू शकतात. अस्पष्ट चित्रावरून तसे काही सांगता येत नाही.

उजेड कमी का असतो?

हँगर उंच असतो. छपराजवळच्या दिव्यांचा उजेड जमिनीपर्यंत येता येता क्षीण होतो, आणि पंखांखाली तर सावलीच राहते. शिवाय प्रकाश हा जुन्या वस्तूंचा शत्रू आहे. वापिटीचा सांगाडा बव्हंशी कापडाने मढविलेला असे, आणि हरिकेनच्या धडाचा मागील भागही कापडाचाच. तीव्र प्रकाशाने, विशेषतः त्यातील अतिनील किरणांनी, कापड जीर्ण होते, रंग विटतात आणि रबर तडकते. म्हणूनच नाजूक कापडासारख्या वस्तूंवर सुमारे ५० लक्सहून अधिक प्रकाश पडू नये, असा संग्रहालयांचा सर्वसाधारण दंडक आहे. याच्या तुलनेत भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो.

एक्स्पोजरचा हिशेब

दालनात सुमारे ८० लक्स प्रकाश आहे असे धरू. आयएसओ १०० व भिंगाचे छिद्र एफ ४ असता शटर अर्धा सेकंद उघडे ठेवावे लागते. एवढा वेळ हात स्थिर राहत नाही. आयएसओ १६०० केल्यास संवेदनशीलता सोळा पट होते आणि वेळ सुमारे १/३० सेकंदावर येतो. कॅमेरा हातात धरावयाचा असल्यास शटरची वेळ नाभीय अंतराच्या व्यस्ताहून अधिक असू नये, हा जुना नियम आजही उपयोगी आहे. २८ मिलिमीटरच्या भिंगाला १/३० सेकंद चालेल, १०० मिलिमीटरच्या भिंगाला १/१०० लागेल. आयएसओ वाढविल्याने चित्रात कण दिसू लागतात. तथापि कणीदार चित्र वाचता येते, हललेले चित्र वाचता येत नाही.

कॅमेऱ्याला आधार मिळाल्यास परिस्थिती पालटते. ट्रायपॉडला पुष्कळ संग्रहालयांत मनाई असते. तेव्हा परवानगी आधीच विचारावी. परवानगी नसल्यास कॅमेरा कठड्यावर टेकवावा वा खांबास पाठ टेकून उभे राहावे. मूठभर तांदूळ भरलेली कापडी पिशवी कॅमेऱ्याखाली चांगली बसते. बटण दाबतानाचा धक्का टाळण्यासाठी दोन सेकंदांचा स्वयंचलित टायमर लावावा. अशा रीतीने आयएसओ १००, एफ ११ व सुमारे ४ सेकंद असे एक्स्पोजर घेतल्यास नाकापासून शेपटीपर्यंत बराचसा भाग रेखीव येतो. त्या चार सेकंदांत पुढून चालत गेलेल्या माणसाची खूणही बहुधा उमटत नाही.

मोबाइल फोनमधील रात्रीची सोय अनेक चित्रे एकत्र करून एकच चित्र बनविते. त्यासाठी फोन दोनतीन सेकंद निश्चल ठेवावा, कोपरे अंगाशी घट्ट धरावीत. भिंग आधी मऊ कापडाने पुसावे. झूम वाढविण्याऐवजी शक्य तेथवर जवळ जावे.

फ्लॅश का नको?

अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो. कॅमेऱ्यातील लहान फ्लॅश आयएसओ १०० व एफ ४ असता जेमतेम तीन मीटरपर्यंत पुरतो. स्पिटफायर ९ मीटरांहून अधिक लांब आहे. त्याच्या नाकासमोर तीन मीटरांवर उभे राहिल्यास शेपटी सुमारे बारा मीटरांवर पडते, आणि तिला नाकाच्या मानाने सोळावा हिस्साच प्रकाश मिळतो. परिणामी नाक पांढरे आणि शेपूट काळी. काच व चकचकीत धातूवर झळाळी उठते ती निराळीच. बहुतेक ठिकाणी फ्लॅशला बंदी असते. ती पाळल्याने चित्रकाराचे नुकसान होत नाही.

रंग खरे यावेत

पिवळ्या दिव्याखाली पांढरे पिवळट दिसते आणि निळे काळपट. दारातून दिवसाचा उजेड येत असल्यास एकाच विमानाची एक बाजू निळसर व दुसरी पिवळी येते. यासाठी पांढरा कागद दिव्याखाली धरून व्हाइट बॅलन्स जुळवावा. उघडे दार चौकटीत घेऊ नये, पाठीशी ठेवावे. अन्यथा कॅमेरा दाराच्या उजेडाचा हिशेब धरतो आणि विमान काळे पडते.

विमानावरील रंग हा पुरावा असतो. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील ब्रिटिश व भारतीय विमानांच्या गोल चिन्हातून मधला तांबडा ठिपका काढून टाकण्यात आला, कारण जपानी चिन्हाशी त्याची गल्लत होण्याचा धोका होता. उरल्या त्या दोन निळ्या छटा. चित्रात त्या एकसारख्या काळ्या आल्या, तर इतिहासाचा हा धागाच तुटतो.

नोंद

प्रत्येक विमानाची किमान चार चित्रे घ्यावीत: पूर्ण बाजू, तिरका समोरचा भाग, शेपटीजवळील क्रमांक आणि माहितीफलक. फलकाचे चित्र विमानापाठोपाठ घ्यावे, म्हणजे पुढे गोंधळ होत नाही. फार जवळून रुंद भिंगाने घेतलेल्या चित्रात नाक फुगलेले व पंख ताणलेले दिसतात. जागा असल्यास मागे सरावे. दिनांक व स्थळ वहीत लिहावे. दुरुस्त केलेल्या चित्राबरोबर मूळ चित्रही जपून ठेवावे. संग्रहालय लष्करी परिसरात असल्यास नेमून दिलेल्या भागाबाहेर कॅमेरा काढू नये.

सराव

सहलीपूर्वी शाळेने गावातच सराव करावा. खिडक्या लोटलेल्या गोठ्यात वा कोठारात उभी असलेली बैलगाडी किंवा ट्रॅक्टर यासाठी पुरेसा आहे. एकच चित्र प्रथम हातात धरून, नंतर आधार देऊन आणि शेवटी फ्लॅश लावून घ्यावे व तिन्हींची तुलना विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. चाकाचे आरे कोणत्या चित्रात मोजता येतात, हे त्यांना विचारावे. ज्या चित्रात आरे मोजता येतील, तीच पद्धत विमानासाठी वापरावी.